शालनआक्कांच्या गोठ्यातला वर्ग

“ह्यो बाण गाईकडनं बाईकडं गेलाय. बाईकडनं गाईकडं का न्हाई?”

शालनआक्कांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर खडूनं एक गाय आणि एक बाई काढून दोघींच्या मध्ये बाण ओढला होता. गाय बरी जमली होती. बाईला मात्र मान नव्हती, आणि त्यावरून समोर बसलेल्या बायकांचं हसून झालं होतं.

“कारण जंतू गाईच्या पोटातून बाहेर पडतात, आक्का,” मी म्हटलं. “गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आत तिचा गर्भ पडला, की त्या गर्भात, त्या पाण्यात, मागून पडणाऱ्या वारेत ते ठासून भरलेले असतात. उघड्या हातानं वार ओढली की ते आपल्या अंगात शिरतात. बाईकडून गाईला हा आजार होत नाही.”

“असं व्हय,” आक्का म्हणाल्या आणि चहाचं आधण बघायला आत गेल्या.

कुंभेवाडीतला सगळ्यात मोठा गोठा त्यांचा. त्यांचे यजमान दूध संस्थेचे चेअरमन, त्यामुळे त्यांना सगळं गाव चेअरमनच म्हणे, त्यांची आईसुद्धा. गाईंच्या डोक्यावर पंखे होते, पायाखाली रबरी चटया होत्या. मी त्या गावची सून. कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी केली होती आणि लग्नानंतर एका सरकारी योजनेत कंत्राटावर लागले होते. गोठ्यात राबणाऱ्या माणसांना जनावरांकडून होणारे आजार समजावून सांगायचे, एवढंच काम. रेवा तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. सासूबाई दिवसभर शेतात, तिला घरी ठेवायची सोय नव्हती; त्यामुळे कडेवर घेऊनच मी वर्गाला जायची. दाराजवळ धुतलेलं पोतं अंथरून तिला बसवायची आणि शिकवता शिकवता अर्धं लक्ष तिकडे: काय उचललं, काय तोंडात घातलं. जे जे मी बायकांना सांगायची ते ते मला रेवाच्या बोटांना चिकटलेलं दिसायचं.

मी खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे पिशवीतून काढले. बायका परत सुरू झाल्या.

“बया, ह्ये काय, बांगड्या जपायची पिशवी?”

“सरे, तू घाल. नवरी दिसतीयास का बघू.”

“नवरी नव्हं, पोलीस दिसतीया.”

एकटी वैजयंता हसत नव्हती. ती शालनआक्कांच्याच गोठ्यात कामाला होती. पंचविशीच्या आतली, अंगानं किरकोळ, हात लांब आणि सडपातळ. गावात कुणाचीही गाय अडली किंवा वार अडकली की डॉक्टरच्या आधी तिला बोलावणं जायचं. ती भिंतीवरच्या बिनमानेच्या बाईकडे बघत होती.

“वैनी, त्या जंतूनं बाईचंबी जातं?”

“काय जातं?”

“पोटातलं.”

“जाऊ शकतं. म्हणून गरोदर बाईनं तर अशा गाईच्या जवळसुद्धा फिरकायचं नाही.”

तिनं मान वळवून गव्हाणीकडे पाहिलं. “माझं पहिलं गेलं त्या म्हैन्यात ही काळी गाभडली हुती. वार मीच काढली. दुसरं गेलं तवा ती कडंची तांबडी. तीबी मीच.”

बाजारभाव सांगावा तसं तिनं हे सांगितलं. काळी गाय शांतपणे रवंथ करत होती. शालनआक्का चहाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ते मला कळलं नाही.

“घ्या गं,” त्या म्हणाल्या. “गार हुतोय.”

वर्ग संपल्यावर वैजयंता माझ्याबरोबर चालत निघाली. पिशवी तिनं घेतली, रेवाला मी घेतलं. वेशीच्या अलीकडे ती थांबली.

“वैनी, म्हंजी माझ्या कुसात दोष न्हाई?”

“मला तरी तसंच वाटतं. तुला ताप येतो का गं मधूनमधून?”

“दिस कलला की येतोय. घाम सुटतोय, कंबर मोडून येती. सकाळी काय न्हाई. आमच्या आत्ती म्हंत्यात, कामाला आली की आजारी पडती, जेवायला बसली की बरी हुती.” ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, “ह्ये तुमी आमच्या आत्तींना सांगशिला? मी सांगून उपेग न्हाई. तुमी शिकलेल्या हाईसा.”

तिची सासू तानूबाई उंबऱ्यात बसून मिश्री लावत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिचं बोट थांबलं नाही. मग चूळ भरून म्हणाली, “दोन येळा वटी भरली, दोन येळा रिकामी झाली. देवाधर्माचं सगळं करून झालं. आन् तू म्हंतीस गाईनं केलं?”

“गाईनं नाही मावशी, गाईच्या जंतूंनी.”

“तू मास्तरीण हाईस. डॉक्टरनं सांगू दे. डॉक्टरनं सांगितलं तर मी एक सबूद काढणार न्हाई.”

हे मला पुरेसं वाटलं. पुढच्याच आठवड्यात मी वैजयंताला कोल्हापूरला नेलं, तिचं रक्त दिलं, आणि निकालाच्या दिवशी परत तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. आजार निघालाय म्हणाल्या. गाईंकडूनच आलेला. दोन प्रकारच्या गोळ्या, दीड महिना, एकही चुकवायची नाही. बरी होशील, त्यानंतर मूल व्हायलाही काही अडचण दिसत नाही. आणि परत तसल्या गाईला हात लावायचा नाही.

वैजयंता उठली नाही. “बाई, दोष माझा न्हाई असं एकदा म्हना की.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. “तुझा काही दोष नाही.”

“वैनी, आयकलं न्हवं? तुमी साक्षीला हाईसा.”

येताना एस.टी.त तिनं रेवाला मांडीवर घेतलं होतं. आजार निघालेली बाई इतकी आनंदात मी त्यानंतर कधी पाहिली नाही. खिडकीतून दिसेल ते ती रेवाला दाखवत होती; ऊस, मोटारसायकल, दुसऱ्या गावची माणसं. “मुलगी झाली तर तुमच्यावानी कालेजात घालनार,” म्हणाली.

“आणि मुलगा झाला तर?”

“त्यो शेण काढंल. आमी लई काढलं.”

पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून बघायला लागला एवढ्या मोठ्यानं आम्ही हसलो.

तानूबाईला मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दशः सांगितलं. ती ऐकत राहिली. वैजयंताचा नवरा दौलत खांबाला टेकून उभा होता.

“म्हंजी दोष हायच,” तानूबाई म्हणाली.

“दोष नाही मावशी, आजार आहे.”

“आजार म्हंजी काय गुण असतोय? आता डॉक्टरनंच सांगितलं म्हनल्यावर मी काय बोलू. बोलनार न्हाई म्हनलं हुतं, न्हाई बोलत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंता गोठ्यावर गेली तेव्हा तिला दारातच थांबवलं. ती रडत वगैरे आली नाही. माझ्या अंगणात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काळीला माझ्यामुळं झालं म्हंत्यात.”

मी रेवाला उचललं आणि तशीच चेअरमनांकडे गेले. ते पडवीत पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मोठ्या आवाजात बोललेलं मी त्यांना कधीच ऐकलं नाही.

“या मॅडम. बेबीला बिस्कीट देऊ का?”

“नको. तुम्ही वैजयंताला कामावरून काढलं?”

“काढलं न्हाई. ऱ्हा म्हनलं घरी. आमच्या दोन गाई गाभडल्या, का ते कळत नव्हतं. आता कळलं. तुमच्यामुळंच कळलं. उपकार झाले बघा.”

“चेअरमनसाहेब, तुम्ही उलटं बोलताय. तिला तुमच्या गाईंकडून झालं.”

“कशावरनं?”

“आपण गाईंचं रक्त तपासू. योजनेतून होतं. तुम्हाला काही करावं लागणार नाही.”

त्यांनी पेपरची घडी घातली, परत घातली. “आन् निघालं काय तर? संस्थेचं दूध कोन घेनार? निम्म्या गावाची चूल त्या दुधावर पेटती. तुमच्या सासऱ्यांचं दूधबी हितंच येतं.”

“म्हणून तिच्यावर ढकलायचं?”

“मी कुठं ढकलतोय? मॅडम, तुमी शिकलेल्या. कागदाचं बोलू. माझ्या गाईला आजार हाय असा एक कागद दाखवा. न्हाई ना? तिला हाय असा कागद हाय ना? मग आजार कुनाला हाय?”

शालनआक्का आतून ओल्या हातांनी बाहेर आल्या होत्या. “मी त्या दिवशीच इचारलं हुतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांम्होरं इचारलं हुतं.”

मी तालुक्याला जाऊन आमच्या योजनेच्या साहेबांना सांगितलं. मालकाची परवानगी नसताना गोठ्यात शिरता येत नाही, साहेब म्हणाले. आणि वर्ग चांगले चालले आहेत, त्यात वाद नको. माझ्या नवऱ्याचंही म्हणणं तेच पडलं, फक्त त्यानं ते जास्त मायेनं सांगितलं. तू लेकराकडे बघ, म्हणाला. जणू मी दुसरीकडे कुठे बघत होते. त्या दिवसांत घरात आलेलं दूध एकदा उकळून माझं समाधान व्हायचं नाही. साय जळून तळाला लागेपर्यंत मी पातेल्यापाशी उभी असे.

वैजयंताला माहेरी पोचवायला दौलत निघाला तेव्हा मी थांब्यावर गेले. तिच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि गोळ्यांची पिशवी होती. ती पेटीवर बसली होती, तो लांब चिंचेखाली उभा होता.

“दौलत, तुला तरी पटतंय का हे?”

“वैनी, आई म्हंती गोळ्या सपूस्तवर म्हायेरी ऱ्हाऊ दे. घरात ताटवाट्या एक असत्यात.”

“माणसापासून माणसाला असा होत नाही तो.”

“व्हय, तुमी सांगिटलंसा.”

“गोळ्या संपल्या की आणशील तिला?”

तो रस्त्याकडे बघत राहिला. “गाडी आली बगा,” म्हणाला. गाडी यायला अजून बराच वेळ होता.

गोळ्या तिनं सगळ्या घेतल्या. भावाच्या फोनवरून ती मला सांगायची. आज ताप न्हाई वैनी. काल बी न्हवता. भाकरी दोन खातीया आता. नंतर मीच जाऊन तिला परत कोल्हापूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, आता काही औषध नको. हे मी तानूबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, आई-बापाला काळजी मिटली.

दौलत तिला आणायला गेला नाही.

वर्ग मात्र चालू होते. बायका यायच्या, बसायच्या, हातमोजे घरी न्यायच्या. संध्याकाळचा ताप कुणाला येतो का, असं मी दर वर्गात विचारायची. कुणालाच येत नसे. एकदा सरू नाही नाही म्हणत मान हलवत होती आणि पदरानं कपाळावरचा घाम टिपत होती. मी तिच्याकडे बघितलं तशी ती उठून पाणी प्यायला गेली.

काळीला त्या वर्षी परत भरवली. तिला वेगळी पेंड आणली, गळ्यात काळा दोरा बांधला, दावणीची जागा बदलली. ती नीट व्याली. गावभर चिकाची ताटं फिरली, एक आमच्याकडेही आलं. मी ते कुणाच्या तोंडाला लागू दिलं नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याच सुमाराला तानूबाई दौलतसाठी मुलगी बघून आल्याचं कानावर आलं. पोरीचा बाप तयार होता म्हणे, फक्त पहिलीचं काय ते आधी मिटवा म्हणत होता.

मग एका दुपारी शालनआक्कांनी मला बोलावणं पाठवलं. वर्ष उलटून गेलं होतं. रेवा आता सगळीकडे पळत होती, पण तिला खाली सोडायचा धीर मला त्या घरात नव्हता. कडेवर घेऊनच गेले.

काळीच्या शेजारची कालवड, पहिल्यांदाच गाभण राहिलेली, सातव्या महिन्यात गाभडली होती. जे पडलं ते पोत्याखाली झाकलेलं होतं. वार अडकली होती. कालवड मान खाली घालून उभी होती, गोठ्यात वास मावत नव्हता. मी रेवाचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं आणि दाराबाहेरच थांबले.

“आक्का, आता तरी तपासून घ्या. डॉक्टरांना मी बोलावते.”

“डाक्टर नगं. डाक्टर आला की गावाला कळतंय. तुमाला एवढ्यासाठी बोलिवलं, त्ये तुमचं हातमोजं असतील तर द्या एक जोड. वैजंता येतीया.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “वैजयंता? तुम्ही तिला काढलं होतं. तिच्यामुळं गाई गाभडतात म्हणून.”

“त्ये तवा. आता बरी झाली न्हवं ती? तुमीच सगळ्यांना सांगत फिरत हुतासा.” आक्कांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या खरोखर समजावून सांगत होत्या. “आन् तिला एकदा हून गेलाय. बाकीच्या पोरी कच्च्या हाईत, त्यांना कशाला घालू? तुमीच शिकिवलंसा, आजार लागतोय म्हनून. तिला आता काय नव्यानं लागायचंय?”

“आक्का, हे गोवरासारखं नाही. परत होतो. औषध घेऊन बरं झालेल्या माणसालाही परत होतो.”

“बघू की,” आक्का म्हणाल्या.

वैजयंता परसदारानं आली. मागे तानूबाई होती. वैजयंताची तब्येत सुधारली होती, गालांवर मांस आलं होतं. नवी नव्हती पण स्वच्छ साडी नेसली होती, आणि पदर आल्या आल्याच खोचत होती. मी तिचा दंड धरून तिला कडब्याच्या गंजीआड नेलं.

“तू हे करणार नाहीस.”

“हळू बोला वैनी.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावते. तासाभरात येतील.”

“नगा लावू.” तिनं माझा हात सोडवला, झटकला नाही. “आक्कांनी आत्तींना शब्द दिलाय. हितलं झालं की मी तशीच घरला जायची. ती पोरगी रद्द. चेअरमन सोता दौलतसंगं बोलल्यात.”

“आणि पुढच्या वेळी? पोटात असेल तेव्हा बोलावलं तर?”

“पोटात ऱ्हायाला आधी घर लागतंय, वैनी.”

मी रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. माझीच समजूत काढावी तसं ती म्हणाली, “तुमी सांगिटलं त्ये समदं खरं हुतं. मला पटलं हुतं. खरं कळून मी वरीसभर भावजयीच्या हाताखाली जेवले. आता जरा गप बसा.”

मी पिशवीतून हातमोजे काढून दिले. तिनं ते नीट, खांद्यापर्यंत चढवले, मी भिंतीजवळ उभी राहून शिकवलं होतं तसे. कालवडीच्या मागे उभी राहिली, शेपूट एका पोरीला धरायला लावलं आणि हात आत घातला. डोळे मिटून चाचपत राहिली. कालवड कण्हली.

मग तिनं हात बाहेर काढला.

“ह्या मोज्यात बोटांना वारंच्या गाठी लागत न्हाईत,” ती म्हणाली. “तुटून आत ऱ्हायली तर जनावर जायाचं.”

“वैजयंता,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. उजव्या हातातला मोजा उलटा करून काढला, बाजूला टाकला, हाताला तेल चोळलं आणि तो उघडा हात परत आत घातला. या वेळी तिचे ओठ हलत होते. एकेक गाठ सुटली की ती मोजत असावी. बराच वेळ लागला. तिच्या कोपरावरून काळपट पाणी खाली ओघळत होतं. मी रेवाला घेऊन आणखी मागे सरकले. दारापासून लांब, उन्हात. रेवा आज कॉलेजात जाते आणि ताप आला तर मला सांगायचं टाळते, कारण मी फार प्रश्न विचारते.

वार अख्खी आली. वैजयंतानं ती पोत्यावर पसरून सगळीकडून बघितली, मग मान हलवली. आक्कांनी सोडलेला श्वास मला बाहेर ऐकू आला. “पुरून टाका गं परड्यात,” त्या पोरींना म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत वळल्या.

वैजयंता बाहेर, धुण्याच्या दगडापाशी आली. मी साबण पुढे केला, तो तिनं घेतला. तानूबाई बादलीतला तांब्या घेऊन तिच्यासमोर वाकली आणि सुनेच्या हातांवर पाणी ओतू लागली. वैजयंतानं बोटं घासली, मनगट घासलं, कोपर, दंड, मग नखं. परत पहिल्यापासून. फेस आधी तांबूस होता, मग पांढरा झाला. ती थांबेना.

“बास की आता,” तानूबाई म्हणाली. “घरला जायाचं न्हाई का? दौलत वाट बघत आसंल.”

“वता, आत्ती.”

“आगं, निघालं सगळं.”

“वता म्हंते न्हवं,” वैजयंता मान वर न करता म्हणाली, आणि तिच्या सासूनं मुकाट्यानं तांब्या परत बादलीत बुडवला.